साडेसातशे चौरस फूट आणि एक अर्धवट माळा

गृहरचना शिकवताना मी दर वर्षी फळ्यावर एक नकाशा काढतो. पुढच्या बाजूला बैठकीची खोली, १२ फूट रुंद आणि १६ फूट लांब. तिच्या शेजारी स्वयंपाकघर. मागच्या बाजूला झोपायच्या दोन खोल्या आणि एक न्हाणीघर. वर जायला जिना, आणि जिना जिथे संपतो तिथे दुपाखी छपराखालचा मोकळा माळा. त्याला ना भिंती, ना छत, नुसते वासे दिसतात. तळघर नाही, व्हरांडा नाही, गॅरेज नाही, जेवायची वेगळी खोली नाही. एकूण क्षेत्रफळ ७५० चौरस फूट. हे घर कुठले, असे विचारले की मुले म्हाडा, सिडको, रेल्वेचे क्वार्टर अशी उत्तरे देतात. अमेरिकेचे नाव कोणी घेत नाही. अमेरिकन घर म्हणजे ऐसपैस, दोन गाड्यांच्या गॅरेजचे, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. पण दुसरे महायुद्ध संपल्यावर तिथल्या मध्यमवर्गाने उपनगरात जे पहिले स्वतःचे घर घेतले, ते असे होते.

न्यूयॉर्क शहराला लागून पूर्वेकडे लाँग आयलंड हे लांबट बेट पसरले आहे. तिथे बटाट्याच्या शेतांवर ‘लेविट अँड सन्स’ या कंपनीने १९४७ ते १९५१ या काळात १७,४४७ घरे बांधली आणि वस्तीला आपलेच नाव दिले : लेविटटाउन. कंपनी घरचीच. वडील एब्राहम झाडे-बागा बघत, थोरला विल्यम पैसा आणि विक्री सांभाळे, धाकटा आल्फ्रेड नकाशे काढी. आल्फ्रेडने वास्तुशास्त्राची पदवी घेतलेली नव्हती. १९३७च्या सुमारास फ्रँक लॉइड राइट जवळच्याच ग्रेट नेकला एक घर बांधत होते, तेव्हा कित्येक महिने त्या कामावर जाऊन तो नुसता बघत राहिला होता. बैठ्या घराची, जमिनीलगतच्या फरशीची, स्वयंपाकघर आणि बैठक एकमेकांना जोडण्याची ओढ त्याला तिथे लागली असावी, असे त्याचे पुढचे नकाशे पाहताना वाटते.

प्रत्येक घराला ६० फूट बाय १०० फुटांचा भूखंड होता. म्हणजे ६,००० चौरस फुटांच्या जागेवर ७५० फुटांचे घर. जमिनीचा आठवा हिस्सा व्यापलेला, बाकी सगळे गवत. मुंबईच्या वाचकाला साडेसातशे फूट हे लहान घर वाटणारच नाही, हे मला माहीत आहे. पण लहान-मोठे हे नुसत्या आकड्यावरून ठरत नाही. भोवती एवढी मोकळी जागा असताना माणूस घर एवढेसेच का बांधतो, हा खरा विचारण्यासारखा प्रश्न आहे.

१९२९च्या मंदीनंतर अमेरिकेत घरबांधणी जवळपास थंडावली होती, आणि पुढे युद्धाने लाकूड, तांबे, मजूर सगळेच ओढून घेतले. १९४४ साली देशभरात एका कुटुंबासाठीची जेमतेम १ लाख १४ हजार घरे बांधायला घेतली गेली. युद्धात गणवेश चढवलेले अमेरिकन जवळजवळ १ कोटी ६० लाख होते. ते परतले, त्यांनी लग्ने केली, मुले झाली, आणि राहायला जागा नाही. नवी जोडपी आईवडिलांच्या घरात एका खोलीत राहत होती, लष्कराच्या पत्र्याच्या अर्धगोल झोपड्यांत राहत होती. एकत्र कुटुंबाची सवय असलेल्या आपल्या वाचकाला यात विशेष काय, असे वाटेल. त्यांना ती आपत्ती वाटली. १९५० साली मात्र हाच आकडा १६ लाख ९० हजारांच्या घरात गेला. सहा वर्षांत पंधरापट.

ही उडी बांधकाम कंपन्यांनी एकट्याने मारलेली नाही. १९३४ साली सरकारने घरकर्जांचा विमा उतरवणारे एक खाते सुरू केले होते, केंद्रीय गृहनिर्माण प्रशासन. कर्ज बुडाले तर बँकेचे पैसे सरकार भरणार. त्यामुळे पूर्वी निम्मी किंमत रोख मागणाऱ्या आणि पाचदहा वर्षांत वसुली करणाऱ्या बँका पंचवीस-तीस वर्षांच्या मुदतीने कर्ज द्यायला तयार झाल्या. त्यावर १९४४च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकाला सरकारी हमी मिळाली आणि हातात पैसा नसताना घर घेता येऊ लागले. लेविटची पहिली घरे महिना साधारण ६० डॉलर भाड्याने होती. १९४९च्या नव्या नमुन्याची किंमत ७,९९० डॉलर, आणि सैनिकाला हप्ता महिना ५८ डॉलर. कारखान्यातल्या कामगाराला तेव्हा आठवड्याला साधारण तेवढाच पगार मिळे. त्या वर्षी मार्चमध्ये विक्री सुरू होण्याआधी लोक कित्येक दिवस रांग लावून बसले, आणि एका दिवसात १,४०० करार झाले.

आता, विमा उतरवणारा फुकट उतरवत नाही. ज्या घरावर कर्ज, ते घर पंचवीस वर्षे टिकले पाहिजे आणि सहज विकले गेले पाहिजे. म्हणून या खात्याने घराच्या मोजमापांची, उजेडाची, नळांची बंधने घातली, आणि १९३६ साली लहान घरांच्या आखणीवर एक पुस्तिका काढली. गेल्या शतकातल्या अमेरिकन घरावर कोणा वास्तुविशारदापेक्षा या सरकारी पुस्तिकेचा प्रभाव अधिक आहे, असे माझे मत आहे. तिच्यातले सगळ्यांत लहान घर साडेपाचशे चौरस फुटांच्याही आत बसवलेले आहे. युक्ती एकच, पण ती सगळीकडे लावलेली. ज्या जागेत माणूस थांबत नाही, नुसता जातो, ती जागा काढून टाकायची. बोळ नको. जेवायची खोली नको, स्वयंपाकघरात टेबल मांडा. तळघरातला बंब आणि धुण्याची जागा वर, एका कोपऱ्यात आणा. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर एकमेकांना पाठ लावून ठेवा, म्हणजे नळ एकाच भिंतीतून जातील. चाळीतल्या बिऱ्हाडात वाढलेल्या माणसाला यातले बरेच काही ओळखीचे वाटेल. फरक इतकाच की चाळीत ते नाइलाजाने झाले आणि इथे कोणीतरी कागदावर बसून ठरवले.

घराचा बाह्य आकार मात्र जुना घेतला. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर केप कॉड नावाची समुद्रात शिरलेली जमीन आहे. तिथल्या वस्तीकरांची सतराव्या-अठराव्या शतकातली घरे ठेंगणी, वाऱ्याला पाठ देऊन बसलेली, उतरत्या छपराची आणि मधोमध धुराड्याची असत. ‘केप कॉड घर’ हे नाव येल महाविद्यालयाचे अध्यक्ष टिमथी ड्वाइट यांनी १८००च्या सुमारास आपल्या प्रवासवर्णनात वापरले. १९३०च्या दशकात बॉस्टनच्या रॉयल बॅरी विल्स या वास्तुविशारदाने हाच आकार पुन्हा लोकप्रिय केला. या जुन्या घरांची एक खासियत होती. नवे जोडपे आधी अर्धे घर बांधी : दार एका टोकाला, त्याच्या एका बाजूला दोन खिडक्या. दिवस पालटले की दाराच्या दुसऱ्या बाजूला एक खिडकी वाढे, मग आणखी एक, आणि दार मध्यभागी येई. आपल्या कोकणातल्या घराला जशी गरजेप्रमाणे पडवी काढतात, तसेच काहीसे. लेविटच्या घरांवर ‘खोटे जुनेपण’ म्हणून टीका झाली, पण आकाराबरोबर वाढायची ही सवयही नकळत आत आली, याकडे टीकाकारांचे लक्ष गेले नाही.

बांधायची रीत मात्र पूर्ण नवी होती. मोटारीच्या कारखान्यात गाडी पुढे सरकते आणि कामगार जागेवर असतो. इथे घर जागेवर आणि कामगार सरकत. काम २७ टप्प्यांत तोडलेले होते. एक टोळी फक्त जोते ओतणार, दुसरी फक्त सांगाडा उभा करणार, एक फक्त पांढरा रंग लावणार आणि एक फक्त हिरवा. लाकूड कापून मापानुसार आलेले, प्रत्येक भूखंडासमोर सारखाच गठ्ठा उतरवलेला. जंगलापासून खिळ्यांपर्यंत बरेचसे कंपनीने स्वतःच्या हातात ठेवले होते आणि कामगार संघटनांना लांब ठेवले होते. १९४८च्या उन्हाळ्यात रोज तीसहून अधिक घरे पुरी होत.

सर्वांत मोठी बचत तळघर गाळल्याने झाली. त्या थंड मुलखात घराखाली तळघर असणे सक्तीचे होते. बंब, कोळसा, धुणे सारे तिथे. लेविटला ते नको होते. १९४७च्या मे महिन्यात हेम्पस्टेडच्या नगरसभेपुढे नियम बदलण्याचा प्रश्न आला, तेव्हा सभागृह परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्या बायकामुलांनी भरून गेले होते. नियम बदलला. मग जमिनीवर काँक्रीटची लादी ओतली, आणि तिच्या पोटात तांब्याच्या नळ्या घालून त्यांतून गरम पाणी खेळवले. फरशीच घर उबदार ठेवी. अनवाणी चालायला हे सुख मोठे. पुढे नळ्या गळू लागल्या, आणि लादी फोडल्याशिवाय गळती सापडेना, तेव्हा अनेकांनी भिंतीलगत नवी यंत्रणा बसवली. तळघर गाळले की त्यातले सगळे सामान वर आणून ठेवावे लागते, हे लहान घर बांधणाऱ्याला फार लवकर कळते. बंब स्वयंपाकघरात आला, कपडे धुण्याचे यंत्रही तिथेच आले.

स्वयंपाकघराबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे. जुन्या अमेरिकन शहरी घरात स्वयंपाकघर मागे असे, पुढे पाहुण्यांची बैठक. मागचे दार नोकरांचे, भाजीवाल्याचे. लेविटच्या घरात ते रस्त्याकडे आले. १९४९च्या नमुन्यात हा बदल पूर्णच झाला. स्वयंपाकघर पुढे, बैठकीची खोली मागे, आणि बैठकीच्या परसाकडच्या भिंतीत १६ फूट लांबीची दुहेरी काच. स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामध्ये दोन्हीकडून दिसणारी शेकोटी. क्षेत्रफळ वाढले फक्त पन्नास फुटांनी, ८०० झाले. पण पाहणाऱ्याला घर दुप्पट वाटे, कारण नजर काचेतून थेट कुंपण नसलेल्या परसात जाई. हे चांगले काम आहे. लहान खोलीला मोठे करण्याचा याहून स्वस्त उपाय मला ठाऊक नाही.

पण नकाशा वाचताना मी विद्यार्थ्यांना नेहमी विचारतो, की या घरात कोण कुठे उभे आहे? ओट्याशी उभ्या बाईला पुढच्या खिडकीतून रस्ता, मुले, दाराशी आलेला माणूस दिसतो. जाहिरातींनी हे सोय म्हणून विकले, आणि ती सोय होतीच. स्वयंपाकघराच्या आखणीत तेव्हा खरोखर शास्त्र आले होते. बाईची पावले मोजून ओटे बेतायचे, हा विचार अमेरिकेत क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी पहिल्या महायुद्धाच्या आधी मांडला. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफुर्टच्या कामगार वस्तीसाठी १.९ मीटर बाय ३.४ मीटरचे स्वयंपाकघर आखले. आणि १९४४ साली स्थापन झालेल्या इलिनॉय विद्यापीठाच्या लघुगृह परिषदेने मोरी, शेगडी आणि शीतकपाट यांचा त्रिकोण रूढ केला. तिन्ही बाजू मिळून २६ फुटांपेक्षा जास्त नकोत, असा दंडक. पावले वाचली. मात्र वाचलेल्या पावलांनी जायचे कुठे? नवरा सकाळी शहराकडे जाई, आणि गाडी घरात एकच असेल तर बाईने हिरवळीच्या चौकातल्या दुकानांपलीकडे जाणे अवघड होई. डोलोरेस हेडन या वास्तुइतिहासकार विदुषीने १९८४च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की ही घरे एकाच प्रकारच्या कुटुंबासाठी बेतलेली होती : मिळवता पुरुष, घरी असणारी बाई, लहान मुले. म्हातारी आई, नोकरी करणारी बहीण, एकटा भाडेकरू यांना त्या नकाशात खोलीच नव्हती.

खोली नव्हती, पण माळा होता.

माझ्या दृष्टीने या घरातली सर्वांत शहाणी गोष्ट म्हणजे जी केली नाही ती. जिना बांधून दिला, छप्पर पुरेसे उंच ठेवले, आणि वरची जागा तशीच सोडून दिली. खाली दोन खोल्या. मुले वाढली, पैसा आला, की वर आणखी दोन काढा. गणित सरळ होते. छप्पर कसेही बांधावेच लागते; त्याखालची जागा पुरी केली तर किंमत वाढते आणि सैनिकाच्या हप्त्यात घर बसत नाही. अपुरे ठेवले तर बसते, आणि राहिलेले काम सुट्टीच्या दिवशी मालक स्वतः करतो. युद्धात खंदक खणलेल्या, पूल बांधलेल्या माणसांना करवत आणि हातोडी नवीन नव्हती. शेजारच्या घराचे मापही इंचाइंचाने तेच, त्यामुळे एकाने माळ्यावर खोली कशी काढली हे पाहून दुसऱ्याला तशीच काढता येई. लेविटटाउनच्या घरांत कायकाय बदल करावेत हे सांगणारे एक खास नियतकालिक १९५०च्या दशकात निघत होते, ‘थाउजंड लेन्स’ नावाचे. एकसारखेपणाचा असाही उपयोग असतो.

बार्बरा केली या इतिहासकार बाईंनी या बदलांचा बारकाईने अभ्यास करून पुस्तक लिहिले आहे. आज मूळ स्वरूपातले घर लेविटटाउनमध्ये शोधून सापडणे मुश्कील आहे. छपराचे एक पाखे उचलून पूर्ण मजला केलेला, मागे खोली, बाजूला गॅरेज, पुढे ओसरीसारखे काहीतरी. लेविटच्या घरांपैकी काही शेजारच्या हिक्सव्हिल गावाच्या हद्दीत आहेत. हिक्सव्हिलच्या हमरस्त्यावर आज साड्या, मिठाई आणि किराणा यांची भारतीय दुकाने आहेत. माझा आतेभाऊ तिथे अशाच एका घरात राहतो. त्याच्याकडे तीन आठवडे राहिलो तेव्हा त्याची परवानगी काढून, टेप घेऊन मी ते घर मोजले. वहिनी म्हणाली, “भावजी, आराम करायला आलात की मोजणी खात्यातून आलात?” आजचे क्षेत्रफळ सतराशे फुटांच्या पुढे. पण जिना जिथल्या तिथे, आणि त्याच्या भोवती जुन्या ७५० फुटांची चौकट अजून ओळखू येते. वाढलेल्या भिंतींची जाडी वेगळी आहे. वर, जिथे नुसते वासे होते, तिथे आत्याची खोली आहे. ती वर्षातले सहा महिने तिथे असते, आणि देवघरही तिथेच, पूर्वेच्या खिडकीशी.

आत्याच्या त्या खोलीत बसून मी लेविटच्या १९४७च्या भाडेकराराची प्रत वाचत होतो. त्यातले एक कलम मोठ्या ठळक अक्षरांत छापलेले आहे. घर कॉकेशियन वंशाखेरीज अन्य कोणाला वापरू देता येणार नाही, असा त्याचा आशय. अपवाद फक्त घरगड्यांचा. म्हणजे मूळ भाडेकरूच्या घरात काळा माणूस भांडी घासू शकत होता, भाड्याने राहू शकत नव्हता.

हे कलम लेविटच्या डोक्यातून एकट्याने निघालेले नव्हते. कर्जाचा विमा उतरवणाऱ्या त्या सरकारी खात्याच्या नियमपुस्तकातच वस्ती एकवर्णी असावी, म्हणजे किंमत टिकते, असा सल्ला होता. ज्या कार्यालयाने बोळ काढायला सांगितले, त्याच कार्यालयाने शेजारी कोण असावा हेही सांगितले. नकाशाची पुस्तिका वाचून मला जेवढा आदर वाटतो, तेवढाच या दुसऱ्या पुस्तकाने विषाद वाटतो. आणि दोन्ही एकाच खात्याची आहेत हे विसरता येत नाही. १९४८च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने असले करार न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निकाल दिला. पुढच्या करारांतून कलम गेले, पण विक्री-कार्यालयातली पद्धत तशीच राहिली. युद्धात लढून आलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांना तिथून परत पाठवले गेले. विल्यम लेविट स्वतः ज्यू. ज्यूंना नाकारणाऱ्या वस्त्या त्याच बेटावर होत्या, हे त्याला माहीत नव्हते असे म्हणता येत नाही. घरांचा प्रश्न सोडवता येईल किंवा वंशाचा, दोन्ही एकदम नाहीत, अशा अर्थाचे त्याचे म्हणणे होते.

‘कॉकेशियन’ या शब्दाशी भारतीयांचे एक जुने, विचित्र नाते आहे. पंजाबातून गेलेले आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात राहिलेले भगतसिंग थिंड यांनी नागरिकत्व मागताना असा युक्तिवाद केला की वंशशास्त्रानुसार उत्तर भारतीय कॉकेशियनच आहेत. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की शास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो त्यात हे बसत नाहीत. थिंड यांनी स्वतःची बाजू मांडताना ‘उच्च जाती’चाही आधार घेतला होता, ही गोष्ट आपण मराठी वाचकांनी नजरेआड करू नये. कोणाला शेजारी घ्यायचे नाही हे कागदावर न लिहिता ठरवण्याची कला आपल्या सोसायट्यांनाही अवगत आहे. भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग १९४६च्या कायद्याने खुला झाला, तोही वर्षाला शंभर जणांच्या कोट्यापुरता. पुढच्याच वर्षी लेविटटाउनचे पहिले करार झाले. आतेभावासारखी माणसे तिथे पोचली ती १९६५च्या नव्या स्थलांतर कायद्यानंतर, आणि घरविक्रीतला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९६८च्या कायद्यानंतर.

मधल्या काळात काय झाले याचे एक उदाहरण पुरे. लेविटने पेनसिल्व्हेनियात दुसरे लेविटटाउन बांधले. तिथे १९५७च्या ऑगस्टमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय जोडपे मुलांसह राहायला आले. घर त्यांनी आधीच्या गोऱ्या मालकाकडून घेतले होते. विल्यम हा युद्धातून आलेला सैनिकच होता. घरापुढे रोज रात्री शेकडोंचा जमाव जमू लागला, दगडांनी खिडकी फुटली, राज्याच्या पोलिसांना यावे लागले. काही शेजारी रात्रभर त्यांच्या बाजूने पहारा देत होते, हेही लिहायला हवे. मायर्स कुटुंब हटले नाही, १९६१पर्यंत तिथे राहिले.

या गोष्टीचा घराच्या रचनेशी काय संबंध, असे एका परिसंवादात मला विचारले गेले होते. संबंध पैशाचा आहे. सात-आठ हजार डॉलरच्या त्या घरांना आज पाच लाखांहून अधिक भाव आहे. अर्धवट माळा हा जणू बिनव्याजी ठेवलेला ऐवज होता : तो ज्याच्या वाट्याला आला त्याने स्वतःच्या हातांनी घर दुप्पट केले, मुलांना शिकवले, म्हातारपणी विकून दक्षिणेकडे गेला. ज्याला दारातून परत पाठवले तो शहरात भाडे भरत राहिला. १९४७ साली दोघेही खंदकातून आलेले सैनिकच होते. एकसारख्या घरांनी केलेला हा असमान वाटा लेविटच्या नकाशात कुठेही दिसत नाही. तो पाहायला नकाशासोबत करारनामा वाचावा लागतो.

त्या काळच्या टीकाकारांनी मात्र दुसऱ्याच गोष्टीवर शाई खर्च केली. लुइस ममफर्डसारख्या थोर नगरचिंतकाला या वस्त्यांतला एकसुरीपणा खुपला : एकसारखी घरे, एकसारखी माणसे. गवत आठवड्याला कापा, कुंपण घालू नका, शनिवार-रविवारी बाहेर कपडे वाळत घालू नका, असे लेविटचे नियम होते, आणि ते थट्टेला चांगलेच उपयोगी पडले. हर्बर्ट गॅन्स हा समाजशास्त्रज्ञ न्यू जर्सीतल्या तिसऱ्या लेविटटाउनमध्ये १९५८पासून दोन वर्षे घर घेऊन राहिला. १९६७च्या त्याच्या पुस्तकात दिसते की माणसे तिथे येऊन एका साच्याची झाली नाहीत. ती पूर्वी होती तशीच राहिली, फक्त जरा अधिक समाधानी. मला गॅन्सचे पटते. सारखेपणा हा घराचा दोष असेल, तर तो पहिल्या दहा वर्षांत रहिवाशांनी स्वतःच मोडून काढला. जो दोष त्यांना मोडायचा नव्हता, त्याबद्दल सौंदर्याची चर्चा करणारे बहुतेक गप्प राहिले.

लहान घर पुढे मागे पडले. १९५० साली अमेरिकेतले नवे घर सरासरी हजार चौरस फुटांच्या आतबाहेर होते; २०१५पर्यंत ते २,६००च्या पुढे गेले, आणि त्याच काळात घरातली माणसे कमी झाली. आता मोठे घर पूर्ण करूनच विकतात. वाढायला मोकळा माळा कोणी ठेवत नाही, कारण पुरी केलेली प्रत्येक खोली कर्जात धरता येते.

आतेभावाच्या घरात वर आत्यासाठी वेगळी शेगडी आहे. ती बसवायला नगरपालिकेचा खास परवाना लागला. लाँग आयलंडच्या अनेक नगरपालिका एका कुटुंबाच्या घरात दुसरे स्वयंपाकघर सहसा करू देत नाहीत. हेम्पस्टेडमध्ये त्याला जी सवलत आहे तिला ‘आई-मुलगी’ परवाना म्हणतात, त्याच्या गावात ‘पालक-अपत्य’. रक्ताचे नाते असेल तरच वर दुसरी चूल. अर्जासोबत नात्याचा पुरावा जोडावा लागतो, आणि परवान्याचे ठराविक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. आत्याचा जन्मदाखला नव्हता. शेवटी भावाच्या जन्मदाखल्यावर आईच्या रकान्यात तिचे नाव मोडीतून देवनागरीत आणि देवनागरीतून इंग्रजीत उतरवून, नोटरीचा शिक्का मारून द्यावे लागले.